रिकाम्या रकान्यातले ताता

फुमेझाला नावं होती चार, आणि त्या चार नावांच्या चार बायका असाव्यात तसं तिचं चाललेलं असायचं. आईनं ठेवलेलं फुमेझा. शाळेत घालताना कुणीतरी चिकटवलेलं ग्लॅडिस, जे तिला मेलं कधीच आवडलं नाही. माहेरच्या कुळाचं मामपिंगा, ज्या नावानं बायका एकमेकींना मानानं हाक मारतात. आणि लग्नाच्या दिवशी सासऱ्यानं गोठ्यापुढे उभं राहून, अख्ख्या गावासमोर खणखणीत आवाजात दिलेलं नोखाया. नोखाया म्हणजे घराची आई. दिलं खरं, पण पुढे म्हाताऱ्याच्या तोंडून ते नाव काही पुन्हा बाहेर पडलं नाही.

गोष्ट फुमेझाची आहे, तेव्हा तिच्या सासऱ्याचं नाव इथं यायचं नाही. आमच्या म्तेबेनी गावात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नुसतं नावच काय, नावासारखा वाजणारा साधा शब्दही ती टाळते आणि त्याला दुसरा शोधते. मला कुणाची बंदी नाही, पण तिची गोष्ट सांगायची आणि मध्येच ते नाव उच्चारायचं, हे काही बरं दिसत नाही. ती त्यांना ताता म्हणायची, म्हणजे बाप. आपणही ताताच म्हणू.

ताता भेले कुळातले. आडनाव माफान्या. उभी जवानी सोन्याच्या खाणीत घालवून आलेला माणूस, आणि ताठ म्हणजे किती ताठ, तर हातात काठी असायची पण जमिनीला टेकायची नाही. बायको आधीच गेलेली. मुलगा लुबाबालो केपटाऊनला बोटींच्या कारखान्यात, वर्षातून एकदा नाताळला यायचा. तेव्हा घरात दोघंच, सासरा आणि सून.

फुमेझाच्या आईनं रस्त्याकडेला तेलात ग्विन्या तळून, त्या गरम गोळ्यांच्या पैशांवर मुलीला कम्प्युटरचं शिक्षण दिलेलं. लग्नाला काही महिने होतात न होतात तोच गावच्या दवाखान्यात कम्प्युटरचं काम निघालं आणि ते तिला मिळालं. पहिल्या दिवशी ती घरातून निघाली ती सुनेसारखी, कमरेला शाल आणि डोक्याला रुमाल बांधून. टेकडीच्या वळणावर तिनं रुमाल पिशवीत कोंबला, शाल सोडली, आणि आत पँट! तातांची गुरं नेमकी त्याच टेकडीवर चरत होती.

ताता ओरडले नाहीत की रागावले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "ऑफिस, चहा टाक."

तेव्हापासून ती ऑफिस झाली. "ऑफिस, गाय सुटलीय." "ऑफिसला म्हणावं, मीठ जास्त झालंय." शेजारीपाजारी हसायचे. ती मात्र सुनेची रीत काटेकोर पाळायची. गोठ्यापुढच्या अंगणातून कधी सरळ गेली नाही, दर वेळी घरामागून वळसा. तातांपुढे कधी मोठ्यानं बोलली नाही. त्यांचं नाव तर स्वप्नातसुद्धा घेतलं नसेल. पण म्हाताऱ्याला पँट दिसली होती, वळसा दिसत नव्हता. तिला कापडचोपड, दागदागिने काही नको होतं. फक्त एकदा, त्यांच्या तोंडून नोखाया ऐकायचं होतं. आईजवळ ती एकदा हे बोलून रडलीही होती.

मग तातांचा डावा हात बधिर व्हायला लागला. उठताना घेरी यायची. रक्तदाब, दुसरं काय. फुमेझा त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. तिथं रीत ठरलेली आहे: म्हातारे बाहेर बाभळीखाली बाकावर बसतात, पाइप ओढतात, राजकारण करतात, आणि सुना आत जाऊन खिडकीवरची कामं उरकतात.

खिडकीवर झिंझी होती. ती पण म्तेबेनीचीच सून, रादेबेंच्या घरची. तिचा सासरा म्हणजे तातांचा खाणीतला जोडीदार.

"नाव?" झिंझीनं विचारलं.

"भेले कुळातले आहेत."

"ते झालं गं. आडनाव माफान्या, तेही झालं. पहिलं नाव सांग."

"माझे सासरे आहेत ते."

"अगं बाई!" झिंझीनं जीभ चावली. "राहू दे, राहू दे. ओळखपत्र आणलंस?"

"त्यांच्या पेटीत आहे. पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला."

"मग राहू दे रिकामं. मागून बघू."

आमच्याकडे मागून बघू म्हटलं की ते मागेच राहतं. आणि हे काही एकट्या तातांचं झालं नाही. खोऱ्यातल्या ज्या ज्या म्हाताऱ्याला त्याच्या सुनेनं दवाखान्यात आणलं, त्याच्या त्याच्या पहिल्या नावाचा रकाना झिंझीनं असाच कोरा सोडला. सून नाव घेणार नाही, हे सून नाही समजून घेणार तर कोण?

मग झिंझीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून बाभळीकडे आवाज टाकला, "ताता, औषध न्यायला कोण येणार तुमचं?"

"सून!" तिकडून उत्तर आलं.

"तिचं नाव काय लिहू?"

"ऑफिस!"

बाकावरचे सगळे म्हातारे खो खो हसले. झिंझीनं फुमेझाचा चेहरा बघितला आणि त्या जागी नुसतं 'सून' लिहून टाकलं.

आता दवाखान्यातल्या यंत्राचं सांगतो. शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं ते बसवून दिलेलं. भिंतीवर एक चौकोनी पडदा; टिंग वाजायचं आणि ज्याची पाळी त्याचं नाव उमटायचं. तेच नाव औषधाच्या पाकिटावर छापून यायचं. कंपनीची पद्धत अशी, की नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं आणि पुढे आडनाव लावायचं. शहरात चालत असेल. आमच्याकडे लग्नात सुनेला मिळणारं नाव बहुतेक नोपासूनच सुरू होतं. नोसाखेले, नोवेथू, नोफुमझिले. आणि अर्धं गाव माफान्या. तर टिंग वाजायचं, पडद्यावर यायचं 'एन. माफान्या', आणि निम्मा हॉल उठून उभा राहायचा.

"माझा नंबर आहे!"

"तुझा कसा? मी पहाटेपासून बसलेय!"

"तू कसली एन., तू तर मुळात मागच्या गल्लीची!"

ढकलाढकली, शालींची ओढाओढी. म्हातारे बाहेरून मजा बघायचे. त्यांच्या पाळीला पडद्यावर नुसतं टिंब आणि आडनाव यायचं, आणि सिस्टर "ताता माफान्या, तुम्ही हो, टोपीवाले" असं करून निभावून न्यायची. पण एकदा मामझिझी नावाच्या बाईंना गुडघ्याच्या गोळ्यांऐवजी दुसऱ्या एन. माफान्याच्या मधुमेहाच्या गोळ्या गेल्या, आणि बाई मक्याच्या शेतात भोवळ येऊन पडल्या. वाचल्या हे नशीब. सिस्टर वाथिस्वा, म्हणजे दवाखान्याची मुख्य, ती फुमेझाच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "हे तुझं यंत्र माणसं मारणार आहे!"

"नावं लिहिण्याचं फंक्शन मला नवीन करावं लागेल, सिस्टर."

"फंक्शन कर नाहीतर पेटवून दे त्याला. पुढच्या औषधाच्या दिवशी मला हा तमाशा नकोय."

फंक्शन म्हणजे यंत्राला एकदा शिकवून ठेवलेलं काम. घरात नवीन सुनेला एकदा सांगून ठेवतात ना, पाहुणा आला की आधी चटई टाक, मग पाणी दे, मग विचार? मग दर वेळी सांगावं लागत नाही. तसंच. नावाचे तुकडे वेगवेगळ्या रकान्यांत पडलेले असतात; ते कुठल्या क्रमानं उचलायचे, कसे जोडायचे, कुठलं अक्षर मोठं करायचं, हे फुमेझानं यंत्राला शिकवायचं होतं.

तिनं आधी काय केलं, तर उठून हॉलमध्ये गेली आणि बायकांना विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?"

बायकांनी आधी तिच्याकडे वेड्यासारखं बघितलं. हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"मला मामझिझीच म्हण बाई," मामझिझी म्हणाल्या. "नोसाखेले सासूनं ठेवलंय. सासू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते नाव ऐकलं की मला उठून भांडी घासावीशी वाटतात."

"मला व्हायोलेट म्हणालीस तर मी उठणार नाही, सांगून ठेवते. मेले तरी उठणार नाही!" दुसरी एक म्हणाली.

"मेल्यावर कशाला उठशील गं? तेवढीच जागा होईल बाकावर."

सगळ्यांना कुळाचं नाव हवं होतं. फुमेझानं त्याच्यासाठी एक नवा रकाना केला आणि झिंझीला बरोबर घेऊन सगळ्यांची कुळं भरली, बायकांची आणि पुरुषांचीही. मग फंक्शन लिहिलं: आधी कुळाचं नाव, मग लग्नाचं किंवा जन्माचं पहिलं नाव, मग आडनाव. पाकिटावर खाली आणखी एक ओळ, औषध नेणाऱ्याचं नाव. कुणी घाईत सगळं लहान अक्षरांत भरलं असलं तरी नावाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं व्हावं, हेही तिनं त्यात घातलं. ते तिला फार आवडलं होतं. आपल्या गावच्या बायांची नावं ताठ उभी दिसली पाहिजेत, असं ती झिंझीला म्हणाली.

लिहून झालं की तपासायचं असतं, आणि तपासायला आपल्या घरची नावं घ्यायची असतात, कारण उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. तिनं आईचं नाव घातलं. बरोबर आलं. नवऱ्याचं घातलं, स्वतःची चारही उलटीपालटी करून घातली. मामझिझींचं, व्हायोलेटबाईंचं, सगळ्या एन. माफान्यांचं. मग आले ताता. तिनं बोटं अक्षरांवर नेली आणि तशीच मागे घेतली. सासऱ्याचं नाव टाइप करणं म्हणजे नाव घेणं की नाही, हे आमच्या कुठल्याच म्हातारीनं सांगून ठेवलेलं नाही. बोटं वळेनात. त्यांची नोंद नुसती उघडून बघायचासुद्धा तिला संकोच झाला. 'पुरुषांचं काय वेगळं होणार आहे, बायकांसारखंच होईल,' असं म्हणून तिनं यंत्र बंद केलं.

आणि तिथंच घोळ झाला. या यंत्रांचा एक खाक्या असतो. जोडायच्या तुकड्यांतला एक जरी रिकामा निघाला, तरी ते उरलेलं जोडत नाही. अख्खी ओळच कोरी सोडून देतं. फुमेझाला हे माहीत होतं. लग्नाचं नाव नसलं तर काय, कूळ नसलं तर काय, याची तिनं सोय केली होती. पण पहिलं नावच नाही असा माणूस असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. स्वतः खिडकीवर उभी राहून तसा एक माणूस तिनं नोंदवला होता, तरी आलं नाही.

औषधाचा दिवस उजाडला. टिंग! पडद्यावर आलं, 'मामझिझी, नोसाखेले माफान्या.' मग मामझिझी एकट्याच उठल्या. शाल सारखी केली, आणि लग्नाला चालल्यासारख्या खिडकीकडे गेल्या. मागून बायकांनी आनंदानं जो कल्लोळ केला तो थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेला. नंतरची बाई उठली ती डोळे पुसतच. फुमेझा आतल्या खोलीत बसून एकेक टिंग ऐकत होती आणि तिला आपल्या आईचं ग्विन्याचं तेल आठवत होतं.

मध्येमध्ये टिंग वाजून पडदा कोराच राहायचा. सिस्टर म्हणायची, "नवीन आहे, अडखळतंय," आणि पुढचं बटण दाबायची. छापून आलेली कोरी पाकिटं तिनं एका टोपलीत टाकली. बाहेर बाभळीखालचे म्हातारे दारातून पडद्याकडे बघत होते. एकही उठला नाही, एकानंही आत येऊन विचारलं नाही. टेम्पो आला तशी सगळी मंडळी चढली आणि घरी गेली.

त्या संध्याकाळी फुमेझा चुलीवरच्या मक्याच्या कण्या आणि घेवडा ढवळत होती. मागून आवाज आला, "नोखाया."

तिनं दाराकडे बघितलं. कुणी बाई आली असेल.

"तिकडे काय बघतेस? तुलाच म्हणतोय. नोखाया, बस जरा."

तिच्या हातातला डाव भांड्यात पडला. ती बायकांच्या बाजूच्या चटईवर बसली.

ताता पाइप भरत होते. "मी तुला चुकीचं समजलो. पँट बघितली आणि ठरवून टाकलं, ही आपली नव्हे. आज मी त्या चौकोनाकडे बघत होतो. बायकांची नावं येतायत, येतायत, आणि मग टिंग! पाटी कोरी. परत बायका, परत टिंग, परत कोरी. रादेबे म्हणतो, यंत्र बिघडलं. मी म्हटलं, गाढवा, बिघडलं नाही! आत निम्म्या हॉलभर आपल्या सुना बसल्यात. त्यांच्यासमोर आपली नावं भिंतीवर टांगायची? माझ्या सुनेनं शिकवलंय त्याला. सासऱ्यांची पाळी आली की ते यंत्र तोंडावर शाल ओढतं!" आणि म्हातारा हसला. "सगळ्यांना सांगितलं मी. भेल्यांची सून आहे म्हटलं, चेष्टा नाही."

फुमेझाच्या अंगावर आनंदाचा काटा आला होता, त्याचा आता दुसराच काटा झाला. "ताता, आणि गोळ्या?"

"येतील की घरी. मान ठेवलाय, तर गोळ्याही मानानंच येतील."

"जुन्या आहेत ना शिल्लक?"

"संपल्या. त्याचं काय एवढं?" त्यांनी उजव्या हातानं वाडगा पुढे ओढला. डावा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

पाणी आणते म्हणून ती टाकीकडे गेली आणि तिथून झिंझीला फोन लावला.

"अगं टोपली भरलीय कोऱ्या पाकिटांनी," झिंझी म्हणाली. "कुणाचं कुठलं काही कळत नाही. आमच्या म्हाताऱ्यासाठी मी आपलं अंदाजानं एक उचलून आणलं. पांढऱ्याच असतात त्यांच्या गोळ्या."

"झिंझी! देऊ नकोस! अजून दिली नाहीस ना?"

"जेवण झाल्यावर देणार होते. का गं?"

"फेकून दे! नाही, फेकू नकोस, उद्या परत आण. देवाची शपथ आहे तुला, देऊ नकोस." आणि फुमेझानं रडत रडत तिला सगळं सांगितलं, नोखायासकट.

"मग रडतेस काय वेडे? उद्या गुपचूप दुरुस्त कर. म्हाताऱ्याच्या गोळ्या पिशवीत घालून घरी ने आणि म्हण, आल्या बघा मानानं. त्यांना काय कळतंय? मिळालंय तर घे पदरात."

फुमेझा टाकीला टेकून उभी राहिली. खोटं कशाला बोलू, तिला ते पटलं होतं. इतकी वर्षं वळसे घालून जे मिळालं नाही, ते एका चुकीनं ताटात येऊन पडलं होतं. पण पाकीट कोरं होतं. दुरुस्ती केली तरी त्या रकान्यात नाव लागणारच होतं, नाहीतर एका भेल्याच्या गोळ्या दुसऱ्या भेल्याच्या पोटात जाणार. आज झिंझीनं अंदाजानं उचललं. उद्या दुसरी कुणी उचलेल आणि फोन वेळेवर लागणार नाही. ती घरामागून वळसा घालून आत आली.

"ताता, मला बोलायचंय."

"बोल, नोखाया."

"ते मी शिकवलेलं नव्हतं. यंत्रानं मान ठेवला नाही. चूक झाली माझी. तुमच्या पहिल्या नावाची जागा रिकामी आहे, तुमची आणि सगळ्याच म्हाताऱ्यांची, कारण आम्ही सुनांनी ती सांगितलीच नाही. जागा रिकामी असली की माझं फंक्शन सगळंच पुसतं. तपासताना मला कळायला हवं होतं, पण तुमचं नाव घालायला बोटं वळली नाहीत, म्हणून मी ते सोडून दिलं."

पाइप विझला होता. तातांनी तो पेटवला नाही.

"म्हणजे रादेबे बरोबर होता."

"हो, ताता."

"यंत्र बिघडलं होतं."

"मीच बिघडवलं होतं. मान होता तो माझ्या बोटांत होता. यंत्रात नुसती चूक होती."

"आणि मी सगळ्या बाकाला सांगत सुटलो." तातांनी वाडगा बाजूला सारला. अर्धा तसाच होता. "जा. भांडी पडलीत."

नोखाया नाही, ऑफिससुद्धा नाही. त्या क्षणी त्यांनी ऑफिस म्हटलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

सकाळी ती निघायला आली तर ताता आधीच अंगणात उभे. खाणीतून निवृत्त होताना शिवलेला कोट, टोपी, वरच्या खिशात ओळखपत्र. आणि काठी जमिनीला टेकलेली. "चल," एवढंच म्हणाले. टेम्पोत ते पुढे बसले, ती मागे.

दवाखान्यात पोचल्यावर ती धावतच आत गेली आणि आधी फंक्शन सुधारलं. तुकडा रिकामा असला तर तो सोड आणि उरलेले जोड; इतकी साधी गोष्ट होती ती. बाहेर बाभळीखाली काल औषध न मिळालेले म्हातारे पुन्हा जमले होते. त्यांच्यापुढे ताता जाऊन उभे राहिले.

"रादेबे, काल मी तुला गाढव म्हटलं. गाढव मी होतो. यंत्र बिघडलंच होतं."

"मला माहीतच होतं," रादेबे म्हणाला. "खाणीतला पंपसुद्धा असाच टिंग करून बंद पडायचा. पण तू एवढा फुगला होतास, म्हटलं कशाला टाचणी लावा."

"आता उठा सगळे. आपली नावं आपण सांगायची. सुनांनी सांगायची नाहीत आणि आपणही सांगायची नाहीत, मग काय गुरांनी सांगायची? सिस्टर, सुनांना जरा बाहेर काढा."

सुना हसत हसत, तोंडावर शाली ओढत अंगणात गेल्या. पहिली पळाली ती झिंझी. आत सिस्टरच्या हातात इंजेक्शन होतं आणि समोर एक पोर किंचाळत होतं. यंत्राजवळ उरली फक्त फुमेझा. तिनं तातांची नोंद उघडली, रिकाम्या रकान्यात खूण नेऊन ठेवली, आणि खुर्चीवरून उठली.

"इथं, ताता. एकेक अक्षर दाबायचं."

आणि ती वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

ताता बसले. टक्. बराच वेळ काही नाही. टक्. मागे रादेबे सांगत होता, "ते नव्हे रे, त्याच्या शेजारचं." "तू गप्प बस." टक्.

"ऐक गं," ताता म्हणाले, "नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं ना? इथं लहानच उमटलंय."

"डाव्या कोपऱ्यात बाण आहे, ताता. तो एका हातानं दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं..."

ती थांबली. ताताही थांबले.

"डावा हात ऐकत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

फुमेझानं भिंतीवर कपाळ टेकलं. "राहू द्या लहान. फंक्शन मोठं करतं ते. आपोआप."

"आपोआप मोठं करतं?"

"हो. मी शिकवलंय त्याला."

"हं," ताता म्हणाले. टक्. टक्. मग पुन्हा थांबले. "आणि इथं खाली हे 'सून' कुणी लिहिलंय?"

"औषध कोण नेणार, त्याची जागा आहे ती. तुम्हीच सांगितलं होतंत, बाभळीखालून."

टक् टक् पुन्हा सुरू झालं, आणि नावाला लागावं त्याहून पुष्कळ जास्त वेळ चाललं. ती भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत उभी राहिली आणि ते तिला नीट दिसत नव्हतं.

टिंग वाजलं. सिस्टरनं खिडकीतून हाक मारली, "ताता भेले!" ताता उठले, आपलं औषध आपण घेतलं, आणि पाकीट फुमेझापुढे धरलं.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही. वाच, बरोबर छापलंय का."

तिनं पाकीट हातात घेतलं. घेताघेताच तिचा अंगठा वरच्या ओळीवर गेला, तातांचं नाव होतं तिथं, आणि तिथंच राहिला. ती खालची ओळ वाचायला लागली. 'औषध नेणार: मामपिंगा, नोखाया माफान्या.' सगळी पहिली अक्षरं मोठी, ताठ उभी. तिनं मोठ्यानं वाचलं.

तातांचं लक्ष ओळीकडे नव्हतंच. ते तिच्या अंगठ्याकडे बघत होते. पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी काठी डाव्या काखेत धरली आणि उजव्या हातानं टोपी सरळ केली.

"चल, नोखाया," ते म्हणाले. "मला टेम्पोपर्यंत सोड. मग तुझं ऑफिस कर."